परसदारचे सोबती : कुत्र्याचें विसावें नख

कोंकणांत कुत्र्याचें पिलूं घरीं आणावयाचें ठरलें कीं जाणता मनुष्य प्रथम तें उचलून त्याच्या पायांचीं नखें मोजतो. पुढच्या पायांस पांच पांच व मागच्यांस चार चार अशीं अठरा भरलीं, तर तें साधें कुत्रें. मागल्या पायांसहि आंतल्या बाजूस, जमिनीपासून थोडें वर, एकेक जास्तीचें नख असेल, तर तें ‘वीसनखी’. मग त्या पिलाचें कौतुक निराळें, किंमत निराळी, आणि नांव ठेवतांनाहि ‘मोत्या’ऐवजीं ‘वाघ्या’ सुचतें. वीसनखी कुत्रा वाघाला भीत नाहीं, तो ज्या घरीं असेल तेथें चोर फिरकत नाहीं, अशा गोष्टी ओटीवर बसून पुष्कळांनीं ऐकल्या असतील. अलीकडे त्यांत आणखी एका समजुतीची भर पडली आहे. मागल्या पायाचें जास्त नख म्हणजे अस्सल जातीची, किंबहुना विलायती रक्ताची खूण, असें आतां सांगण्यांत येतें.

चौलकडील एका वाचक-भगिनीनें याच विषयीं पृच्छा केली आहे. त्यांच्या सुपारीच्या वाडींत गांवच्याच एका कुत्रीला चार पिलें झालीं. त्यांपैकीं एक वीसनखी निघालें. तें पाहून शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “वहिनी, हें साधें नव्हे. याचा बाप कोणा बंगलेवाल्याचा असला पाहिजे. हें तेवढें ठेवा, आणि बाकीचीं तीन बंदरावर नेऊन सोडा.” मुंबईच्या एका ओळखीच्या माणसानें तर त्या एकाच पिलासाठीं बरे पैसे देऊं केले आहेत. भगिनी विचारतात, “नखावरून जात खरोखरच कळते काय? आणि कळत असेल, तर उरलेल्या तिघांचें काय करावें?”

दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे. परंतु त्याचें उत्तर पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळें आधीं नखाकडे वळूं.

कुत्रा आपल्यासारखा तळपाय टेकून चालत नाहीं. तो बोटांवर चालतो. त्याच्या मागल्या पायाचा जो सांधा आपल्यास उलट्या गुडघ्यासारखा वाटतो, ती वस्तुतः त्याची टांच होय. पुढच्या पायाचीं चार बोटें जमिनीस टेकतात, आणि पांचवें वर, आंतल्या अंगास असतें. तो त्याच्या हाताचा आंगठा. हाड चघळतांना कुत्रा याच आंगठ्याचा आधार घेऊन तें धरतो, आणि भरधाव वेगांत वळतांना तो जमिनीस लागतोहि. मागल्या पायाचें जास्तीचें नख म्हणजे तसाच पायाचा आंगठा. परंतु तो बहुतेक कुत्र्यांस नसतोच. आणि ज्यांस असतो त्यांच्यांतहि कित्येकदां तो हाडाशीं जोडलेला नसून केवळ कातडीला लोंबत असतो.

हा आंगठा गेला कोठें? धांवणाऱ्या प्राण्यांच्या वंशांत पायाचीं कडेचीं बोटें लहान होत होत नाहींशीं होत जातात. घोड्याच्या प्रत्येक पायास आज एकच बोट उरलें आहे, आणि त्याचेंच खूर बनलें आहे. कुत्र्याच्या कुळांतहि थोड्या प्रमाणांत तेंच घडलें. लांडगा, कोल्हा, खोकड, कोळसुंदा या सर्वांस पुढें पांच आणि मागें चार. आफ्रिकेंतील रानकुत्र्यास तर पुढेंहि चारच. कुत्रा हा लांडग्याच्या वंशांतला, म्हणून अठरा नखें हीच त्याची वडिलोपार्जित मिळकत. विसावें नख ही फार दूरच्या पूर्वजांनीं गमावलेली आणि मध्येंच एखाद्या वारसास पुन्हां सांपडलेली वस्तु होय.

ती सांपडते कशी, याचा उलगडा आतां झाला आहे. गर्भांत हातपाय घडत असतां कोठें किती बोटें उगवावीं हें ठरविणाऱ्या एका जनुकास शास्त्रज्ञांनीं ‘सॉनिक हेजहॉग’ असें गमतीचें नांव दिलें आहे. हें जनुक पायाच्या कोणत्या भागांत जागें व्हावें हें ठरविणारी कळ त्याच्यापासून फार दूर, सुमारें दहा लक्ष अक्षरांच्या अंतरावर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटांत दडलेली आहे. तेथें एका अक्षराचा फरक पडला तरी आंगठ्याच्या बाजूस जास्तीचें बोट फुटूं शकतें. कोरियांतील संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत कुत्र्याच्या मागल्या आंगठ्याचें मूळ याच जागीं दाखवून दिलें. आणि विशेष हें कीं, त्यांस तेथें एक नव्हे, दोन निरनिराळे फरक आढळले. एक पौर्वात्य जातींच्या कुत्र्यांत, दुसरा पाश्चात्त्य जातींच्या. म्हणजे वरून सारखेंच दिसणारें हें नख निदान दोन वेळां, दोन वेगळ्या घराण्यांत, स्वतंत्रपणें उपजलें. मांजरांच्या आणि माणसांच्याहि जास्तीच्या बोटांचें मूळ पुष्कळदां याच जागीं सांपडतें. आपल्याकडे सहा बोटांचें मूल जन्मलें तर थोरली मंडळी तें भाग्याचें लक्षण मानतात. परंतु त्या बोटावरून त्याचें गोत्र कोणी ठरवीत नाहीं. कुत्र्याच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तेंच करूं पाहतों.

हा गुण बहुधा प्रबळ असतो. आईबापांपैकीं एकाकडून आला तरी पिलांत उतरतो, आणि कधीं कधीं अंगीं असूनहि पायांत दिसत नाहीं. तेव्हां एकाच वेतांत एक पिलूं वीसनखी आणि तीन अठरानखी निघावीं यांत नवल कांहींच नाहीं. चारी पिलें एकाच आईचीं. एकाचें कुळ उंच आणि तिघांचें नीच असें त्यावरून ठरत नाहीं. उलट, लॅब्रडॉरसारख्या ज्या विलायती जाती आज बंगल्याबंगल्यांतून दिसतात त्यांस सामान्यतः अठराच नखें असतात. शेजारच्या गृहस्थांचा तर्क उलट दिशेनें गेला, असेंच म्हणावें लागतें.

मग नखाचा आणि जातीचा संबंध मुळींच नाहीं काय? आहे; पण तो कोणत्या प्रकारचा तें नीट पाहिलें पाहिजे. फ्रान्स देशांतील ब्रियार आणि बोसरों या मेंढपाळी कुत्र्यांच्या मागल्या प्रत्येक पायास दुहेरी आंगठा असावा असा त्या जातींचा नियम आहे. तो नसेल तर प्रदर्शनांत कुत्रा बाद होतो. पिरनीज पर्वतांतील पांढऱ्या राखणदार कुत्र्यासहि मागें दुहेरी आंगठे असतात. नॉर्वेच्या लुंडेहुंडास तर चारी पायांस निदान सहा सहा बोटें. समुद्रकांठच्या उभ्या कड्यांच्या कपारींत शिरून पफिन नांवाचे पक्षी धरून आणणें हें त्याचें पिढीजात काम. आपल्या बाजूस हिमालयापलीकडील तिबेटी मॅस्टिफ कुत्र्यांतहि मागला आंगठा वारंवार आढळतो.

हे नियम निसर्गानें केलेले नव्हेत, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. कुत्र्यांच्या जातींचीं वंशावळींसह नोंदणीपुस्तकें ठेवण्याची पद्धत फार जुनी नाहीं. इंग्लंडांतील केनेल क्लब १८७३ सालचा. ज्या प्रदेशांतल्या धनगरांस मागले आंगठे आवडले त्यांनीं तसेच कुत्रे राखले, त्यांचीच पैदास केली, आणि पुढें पुस्तकांत तोच नियम लिहिला गेला. दुसऱ्या प्रदेशांतल्या लोकांनीं त्याकडे लक्ष दिलें नाहीं, तेथें तो आंगठा कोठें राहिला, कोठें गेला.

‘तर्कसंग्रह’ ज्यांच्या वाचनांत आला असेल त्यांस येथील घोंटाळा तत्काळ दिसेल. जेथें धूर तेथें अग्नि हें खरें. परंतु जेथें अग्नि तेथें धूर असें म्हणतां येत नाहीं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो पण धूर नसतो. त्याचप्रमाणें अस्सल बोसरोंला मागें आंगठे असतात, म्हणून मागें आंगठे असलेला प्रत्येक कुत्रा बोसरों होत नाहीं. बोसरों म्हणून विकावयास आणलेल्या पिलास ते नसतील तर शंका घेण्यास जागा आहे. म्हणजे हें नख ‘नाहीं’ म्हणावयास कधीं कधीं उपयोगी पडेल. ‘होय’ म्हणावयास तें एकटें कधींच पुरत नाहीं. आपल्याकडील कारवानी किंवा मुधोळचा कुत्रा जाणकार ओळखतात तो लांब निमुळतें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट आणि लांब सडसडीत पाय या सर्वांच्या मेळावरून; नखांच्या बेरजेवरून नव्हे.

एका ठिकाणीं मात्र या नखाची साक्ष खरोखर मोलाची ठरली आहे. रानांतल्या लांडग्यास मागें आंगठा नसतो. तेव्हां लांडग्याच्या मागल्या पायास तो आढळला, तर त्याच्या पूर्वजांत कोठें तरी कुत्रा शिरला असावा असा संशय येतो. इटलींत असे लांडगे आढळले, आणि २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या खुणेचा कुत्र्याशीं झालेल्या संकराशीं संबंध जोडण्यांत आला. आपल्या महाराष्ट्रांतहि पुण्याजवळच्या माळरानांवरील लांडग्यांत कुत्र्याचें रक्त मिसळल्याचें २०२३ सालीं सिद्ध झालें. तेथें मात्र वेगळ्याच रंगाच्या एका जनावरानें पाहणाऱ्यांचें लक्ष वेधलें, आणि निर्णय दिला तो जनुकांच्या तपासणीनें. दोन्हीं ठिकाणीं क्रम सारखाच आहे. बाहेरची खूण संशय उत्पन्न करते. निकाल तिच्यानें होत नाहीं.

आतां आपल्या घरांतल्या एका जुन्या ग्रंथाकडे वळूं. वराहमिहिराची बृहत्संहिता ही सहाव्या शतकांतली. तींत घोडा, हत्ती, गाय यांच्याबरोबर कुत्र्याचींहि लक्षणें एका लहानशा अध्यायांत सांगितलीं आहेत. ज्याच्या तीन पायांस पांच पांच नखें आणि पुढच्या उजव्या पायास सहा, ओठ व नाकाचें टोंक तांबूस, चाल सिंहासारखी, जो जमीन हुंगत चालतो, ज्याचें शेपूट केसाळ, डोळे अस्वलासारखे आणि कान लोंबते व मऊ, असा कुत्रा पाळणाऱ्याच्या घरीं लवकरच लक्ष्मी आणतो, असें तेथें म्हटलें आहे. कुत्रीविषयींहि तसेंच, तिला मात्र सहावें नख पुढच्या डाव्या पायास हवें, आणि ती तर पोसणाऱ्याच्या राष्ट्राचेंहि रक्षण करते. बेरीज केली तर दोघांचींहि एकवीस नखें होतात, आणि मागल्या पायांस पांच पांच धरल्याशिवाय ती जुळत नाहीं. वीसनखी कुत्र्याचें कौतुक या देशांत निदान चौदाशें वर्षांचें आहे, एवढें यावरून निश्चित होतें.

परंतु त्या वर्णनांतली दुसरी गोष्ट अधिक लक्षांत घेण्यासारखी आहे. वराहमिहिर एका नखावर थांबत नाहीं. नखें, ओठ, नाक, चाल, शेपूट, डोळे आणि कान अशीं सात लक्षणें तो एकत्र मागतो. आपल्या गांवच्या कुत्र्याचे कान बहुधा उभे आणि अंगावरचे केस आंखूड. लोंबते कान, झुबकेदार शेपूट आणि मागले आंगठे हीं एकत्र पाहिलीं म्हणजे डोंगराळ मुलुखांत मेंढरें राखणाऱ्या धिप्पाड कुत्र्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तो मोठ्या घरीं मानानें पाळला जात असेल, असें अनुमान कोणी केलें तर तें अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. तरी तें अनुमानच. आणि तेंहि अनेक लक्षणांच्या मेळावर उभें आहे. आपण मात्र सहा लक्षणें विसरलों आणि एक नख तेवढें पाठ करून ठेविलें.

चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर तर नखावरून कुळ काढणें अधिकच कठीण. चौल हें प्राचीन काळापासून जहाजांचें बंदर. पोर्तुगीज तेथें सोळाव्या शतकाच्या आरंभीं येऊन बसले, आणि रेवदंड्याचा कोट १७४० सालीं मराठ्यांकडे येईपर्यंत राहिले. मुरूडास सिद्दी, आणि पुढें अलीबागेस इंग्रजी अंमलदार. माणसांच्या मागोमाग कुत्रीं येतात, आणि कुत्र्यांस वंशावळीची चाड नसते. तेव्हां वाडींतल्या एखाद्या पिलाच्या अंगीं परक्या रक्ताचा थेंब असणें अशक्य नाहीं. परंतु तो अठरानखी भावंडांच्याहि अंगीं तितकाच असूं शकेल, आणि वीसनखी भावंडाच्या अंगीं मुळींच नसेल, असेंहि होऊं शकेल.

राहिला शौर्याचा प्रश्न. येथें समजूत नुसती चुकीची नाहीं, ती घातक आहे. कुत्रा दांतांनीं लढतो, नखांनीं नव्हे. त्याचीं नखें मांजराप्रमाणें आंत ओढलीं जात नाहींत, म्हणून तीं घासून बोथट होतात. आणि मागला आंगठा तर लढाईंत कोठें लागतच नाहीं. मुरूडजवळचें फणसाडचें रान पूर्वीं जंजिऱ्याच्या नबाबांचें शिकारीचें रान होतें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. तेथें बिबळ्याचा वावर आहे. बिबळ्या वस्तीच्या कडेला येतो तेव्हां कुत्रा हें त्याचें अगदीं सोपें भक्ष्य असतें, आणि झडप घालण्यापूर्वीं तो नखें मोजीत नाहीं. ‘आमचा वीसनखी आहे, त्याला कशाची भीति?’ असें म्हणून ज्यास रात्रभर अंगणांत सांखळीला बांधून ठेवतात, त्याला पळून जाण्याचीहि सोय उरत नाहीं. रानालगतच्या घरांनीं कुत्रा अठरानखी असो वा वीसनखी, दिवेलागणीनंतर पडवींत घेऊन दार लावावें.

स्वभावाविषयींहि असेंच. अमेरिकेंत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांस प्रश्न विचारून आणि त्यांतील कित्येकांचीं जनुकें तपासून केलेला एक मोठा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यांत जो फरक दिसतो त्यांतला अवघा सुमारें ९ टक्के भाग जातीवरून सांगतां येतो, असें त्यांत आढळलें. जेथें वंशावळ हातीं असलेल्या कुत्र्याची जातच त्याच्याविषयीं इतकें थोडें सांगते, तेथें जातीची अर्धवट खूण समजलें जाणारें नख काय सांगणार? पिलूं माणसांत वाढलें कीं एकटें, त्यास मार बसला कीं माया मिळाली, यावर पुष्कळ अवलंबून असतें; आणि हें आपल्या हातांतलें आहे.

विसाव्या नखाचें खरें मागणें निराळेंच असतें. तें जमिनीस टेकत नाहीं, म्हणून झिजत नाहीं. वाढत वाढत तें गोल वळतें आणि कधीं मांसांत रुततें. कुंपणाच्या तारेंत किंवा करवंदीच्या जाळींत अडकून फाटतें. म्हणून महिन्यांतून एकदां तें पाहावें आणि टोंक तेवढें कापावें. नखाच्या आंत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखांत ती गुलाबी दिसते. काळ्या नखांत दिसत नाहीं, तेथें अगदीं थोडेंच कापावें. रक्त आलेंच तर स्वच्छ फडकें कांहीं वेळ दाबून धरावें. नख रुतलें असेल, किंवा लोंबून वारंवार दुखावत असेल, तर पशुवैद्यास दाखवावें. तें काढणें जरूर आहे कीं नाहीं हें त्यानेंच ठरवावें. घरच्या कात्रीनें तो प्रयोग करूं नये.

आतां भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर. चारहि पिलें सारखीं आहेत, आणि चारहि सांभाळण्यास योग्य आहेत. तीं दोन महिन्यांचीं होईपर्यंत आईपासून तोडूं नयेत. बंदरावर सोडलेलीं पिलें मासळीच्या तुकड्यांवर जगतात ही समजूत सोयीची आहे. त्यांतलीं पुष्कळशीं भुकेनें, रोगानें किंवा मोटारीखालीं मरतात. शिवाय उपासमार होईल अशा स्थितींत जनावरास विनाकारण टाकून देणें हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. नातलगांत, शेजाऱ्यांत, वाडीवाल्यांत विचारून तीं एकेक द्यावीं. देतांना नखांचा विषय काढूं नये. लस टोंचली आहे कीं नाहीं तो काढावा. तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळीची लस आणि पुढें ठरलेल्या वेळीं तिची पुनरावृत्ति, हेंच घराचें खरें संरक्षण. कुत्रा चावलाच तर जखम पंधरा मिनिटें साबण व वाहतें पाणी यांनीं धुवून लागलीच दवाखाना गांठावा, मग कुत्रा कोणत्याहि कुळांतला असो. कुत्रीची शस्त्रक्रिया करून घेण्याविषयीं ग्रामपंचायतीकडे मागणी करावी. गांवांतल्या मोकळ्या कुत्र्यांची ती व्यवस्था २०२३ च्या नियमांनीं स्थानिक संस्थांवर सोंपविली आहे.

मुंबईच्या गृहस्थांसहि पिलूं द्यावयास हरकत नाहीं. मात्र त्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगावी, कीं हें चौलच्या वाडींतलें गांवठी कुत्रें आहे, याच्या जातीचा दाखला नाहीं, आणि पैसे घेऊन तो देतां येणार नाहीं. एवढें ऐकूनहि त्यांस तें हवेंसें वाटलें तर पिलाचें नशीब बरें म्हणावें. न वाटलें, तर एवढें कळून येईल कीं त्यांस कुत्रा नको होता, नख हवें होतें. आणि अशा घरीं पिलूं गेलें नाहीं हेंच इष्ट.